हळदीचा मान

“माणूस मारलाय का?” फौजदारानं विचारलं.

“मारलेत, साहेब,” आमचा हैबती म्हणाला.

“किती?”

“मोजायला सवड नव्हती.”

टेबलाशी बसलेला शिपाई भराभरा लिहायला लागला. मी दारातून आत घुसले.

“अहो, तो लढाईतलं सांगतोय! बांगलादेशच्या लढाईतलं. ते काय लिहून घेता? त्याचं सरकारनं त्याला मेडल दिलंय!”

“बाई, तुम्ही बाहेर थांबा.”

“थांबते. पण प्रश्न नीट विचारा. खाशाबाला मारलं का, असं विचारा.”

फौजदारानं माझ्याकडं बघितलं, मग हैबतीकडं. “खाशाबा कणसेला तू मारलंस का?”

आणि हैबती विचार करायला लागला! तिथंच त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं मला झालं. ज्यानं मारलं नाही तो माणूस अशा प्रश्नाला विचार करतो का? वर बघून, खाली बघून, मग म्हणतो कसा, “आठवत न्हाई, साहेब.”

शिपायानं तेही लिहून घेतलं.

हैबती माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन जानुबाईवाडीला बर्ग्यांच्या घरात आले, तेव्हा त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. त्याची आई गेलेली, त्यामुळं नाडीही मीच बांधली आणि पुढं पलटणीत गेला तेव्हा ट्रंकही मीच बांधली. लोकांसमोर मी त्याला भावजी म्हणते, घरात अरेतुरे करते. लढाईवरून हवालदार होऊन आला, पेन्शन घेऊन घरी बसला, पण लढाईतलं अक्षर कधी बोलला नाही. मिलिट्री कँटीनची रम आणायची, आमच्या ओढ्याकाठच्या आंब्याखाली बसून प्यायची आणि तिथंच आडवं व्हायचं. लग्न केलं नाही. मी तीन मुली दाखवल्या. एकीला म्हणाला, “बाई, तुझं चांगलं चाललंय, कशाला वाटोळं करून घेतीस?”

खाशाबा कणशाचं तोंड वाईट. चहाच्या हॉटेलात त्यानं चारचौघांत हैबतीला डिवचलं, “हवालदार, तू लढाईत बटाटं सोलत होतास म्हणं!” सगळे हसले. हैबती उठला आणि शांतपणे म्हणाला, “खाशाबा, तुला उभा गाडीन.” एवढंच. पण ते अख्ख्या हॉटेलानं ऐकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत खाशाबा ओढ्यात दगडांखाली सापडला, डोकं फुटलेला. शेजारी हैबतीची पलटणीतली पाण्याची बाटली. आणखी काय पाहिजे? गावाला तर काहीच नको होतं. कुणी चूल पेटवायच्या आधी गावानं निकाल लावून टाकला.

मी कोठडीत भाकरी घेऊन गेले.

“हैबती, खरं सांग.”

“खरंच आठवत न्हाई, वैनी. त्या संध्याकाळी आंब्याखाली बाटली उघडली तेवढं ध्यानात हाय. सकाळी उठलो तवा पाण्याची बाटली न्हवती.”

“म्हणजे तू मारला नाहीस.”

“मारला असंल.” त्यानं स्वतःच्या हातांकडं बघितलं. “हाताला सवय हाय, वैनी. डोक्याला न सांगता करत्यात.”

“तुझ्या डोक्याचं मला माहिती आहे. भाकरी खा.”

बाहेर आले आणि ठरवलं, हा माणूस स्वतःच स्वतःला फासावर चढवणार. याला वाचवायचं तर याच्यावर अवलंबून चालणार नाही.

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न जमत होतं, तेव्हा पुण्याच्या एका खासगी गुप्तहेराकडून मुलाची चौकशी करून घेतली होती. मुलाला ठाण्याला आधीचीच एक बायको निघाली. टिपणीस त्याचं नाव. मी त्याला बोलावणं धाडलं. मला वाटलं, टोपी घालून, खिशात पिस्तूल टाकून कुणी उतरेल. एस.टी.तून उतरला तो छत्री घेतलेला, पोटाचा विकार असलेला, वाळलेला माणूस. चैत्राच्या उन्हात डोक्याला मफलर!

“तुम्हीच गुप्तहेर?”

“हो. बहुतेक लग्नाच्या चौकश्या करतो. खुनाची ही पहिलीच.”

“मग काय करणार?”

“तेच करीन. घराणं विचारीन.” आणि म्हणाला, “मला तिखट चालत नाही. दूधभात असेल तर बघा.”

मी मनात म्हटलं, एक फासावर, दुसरा दूधभातावर. बर्ग्यांच्या घराचं काही खरं नाही.

पण गडी वस्ताद होता. गावात हिंडायला लागला आणि गावानं समजूत करून घेतली की कणशांच्या पोरीला स्थळ आलंय आणि पुण्याचा माणूस घराणं बघतोय. त्यानं ती समजूत मोडली नाही. खुनाचं विचारलं असतं तर गाव मुकं झालं असतं. लग्नाचं म्हटल्यावर पाण्याचा हंडा खाली ठेवून बायका बोलायला लागल्या. कोण दारू पितो, कुणाच्या अंगावर पांढरे डाग आहेत, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं त्याला घरपोच मिळालं.

तो पडवीत बसून दूधभात खाई आणि मला विचारी.

“आक्का, गावात मोठं घर कोणाचं?”

“आनंदराव पाटलाचं. कणसे. खाशाबाचा चुलत भाऊ. आमच्या भैरोबाच्या लग्नात देवाला पहिली हळद लावायचा मान त्याच्या घराण्याचा. सात पिढ्यांचा.” मग मी सहजच म्हटलं. सहज म्हणजे, कालपासून तिसऱ्यांदा. “पण यंदा हळद मी लावली.”

“हे तुम्ही सांगितलंत.”

“पुन्हा ऐका. पाटील स्वतः माझ्या दारात आला. तांबडं फुटलं होतं, मी सडा टाकत होते. म्हणाला, आक्का, तुमच्या घरातनं शिपाई देशासाठी लढला, यंदाची देवाची हळद तुमच्या हातची. माझ्या हातातली बादली खाली पडली. ज्या माणसानं उभ्या जन्मात देवळात माझ्या आधी पायरी चढू दिली नाही, तो दारात हात जोडून उभा! आत या म्हटलं तर आला नाही. चहा ठेवते म्हटलं तर म्हणाला, लई कामं हायत. काय ती नम्रता! मी पैठणी नेसून वाजतगाजत गेले. गावातल्या बायकांची तोंडं बघायला हवी होती तुम्ही.”

“आणि खाशाबा सापडला कधी?”

“दुसऱ्या दिवशी. मेंढरं ओढ्यात उतरली आणि मेंढक्याला पाय दिसला. माझ्या आनंदाला दृष्ट लागली, दुसरं काय!”

टिपणीसनं वाटी खाली ठेवली.

“आक्का, या पाटलांनी हा मान आधी कधी कोणाला दिला होता?”

“मान देतोय! तो ताप आला तरी घोंगडं पांघरून हळद लावायला यायचा. गावचा नियम आहे. मान हातानं दिला की गेला, परत येत नाही. जगतापांनी पालखीवरच्या छत्रीचा मान मुंबईला जाताना माळ्यांना हौसेनं दिला. आता जगताप परत आलेत, आणि बसलेत माळ्यांची छत्री बघत. फक्त सुतक असलं तर सोडलेला मान परत मिळतो. सुतक्यानं देवाला शिवायचं नसतं, त्याला इलाज नाही.”

“सुतक्यानं आणखी काय करायचं नसतं?”

“देवाला शिवायचं नाही, दुसऱ्याच्या घरात जायचं नाही, दुसऱ्याच्या घरचं खायचं-प्यायचं...”

मी थांबले.

टिपणीस शहाणा माणूस. मला माझ्या पायानं तिथवर चालत येऊ दिलं.

“चुलत भाऊ मेला की सुतक येतं?” त्यानं हळूच विचारलं.

“एका भावकीचे. येणारच.”

“आणि खाशाबा मेला, हे त्या पहाटे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.”

माझ्या डोळ्यांपुढं तो आनंदराव आला. उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा. चहाला नको म्हणणारा.

“म्हणजे,” मी म्हटलं, “त्यानं मला मान दिला नाही?”

“आक्का, तुमचा दीर सुटतोय.”

“ते ऐकलं मी. पण मी एवढी पैठणी नेसून गेले, ती काय त्याचं सुतक झाकायला?”

“तसंच दिसतंय.”

मी आत जाऊन चुलीशी बसले. चहा ठेवला आणि सगळा नासला. माणूस खुनी निघाला याचा राग मला तेवढा आला नाही, तो नंतर यायचा होता.

दुसऱ्या दिवशी टिपणीस आणि मी फौजदाराकडं गेलो. टिपणीसनं सगळं नीट मांडलं. फौजदार खुर्चीत मागं रेलून हसला.

“सुतक कायद्याच्या कुठल्या कलमात बसतं, हो? कोर्टात उभा राहून सांगू का, आरोपीनं चहा घेतला नाही म्हणून तो खुनी आहे?”

“पाटलाला विचारा तरी,” मी म्हटलं.

“विचारलं की ते म्हणतील, आदरानं मान दिला. मग?”

खरं होतं. तेवढं एक वाक्य म्हटलं की पाटील सुटला आणि हैबती अडकला.

एस.टी.च्या थांब्यावर टिपणीस म्हणाला, “त्यानं स्वतः बोलायला हवं. लोकांसमोर. पण माणूस स्वतःच्या गळ्यात फास कशाला घालेल?”

“घालेल,” मी म्हटलं. “फासापेक्षा मोठं काहीतरी त्याच्याकडून काढून घ्यायला लागले की घालेल. तुम्ही पुण्याचे, तुम्हाला नाही कळायचं.”

“मला कळतंय, आक्का. पण जपून.”

हळदीनंतर आठव्या दिवशी देवाचं लग्न, ते जवळ आलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी पारावर गाव बसतं. कुणाच्या अक्षता आधी, कुणाचा नारळ आधी, हे ठरतं. यंदा कणसे सुतकात, तेव्हा त्यांची कामं वाटून द्यायची होती. फौजदार बंदोबस्तासाठी आला होता. गावानं त्याला खुर्ची आणि कोकम सरबत दिलं होतं. आनंदराव पाराखाली, सगळ्यांपासून जरा बाजूला, उघड्या डोक्यानं उभा होता. सुतक्यानं देवळाची पायरी चढायची नाही. किती पाळत होता बघा!

गुरवानं विचारलं, “पहिल्या अक्षता कुणाच्या?”

“बर्ग्यांच्या,” मी म्हटलं.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. दीर कोठडीत आणि ही पैठणी नेसून मान मागतीय! मला ते पाठीमागचं कुजबुजणं ऐकू आलं. ऐकू यावं असंच चाललं होतं.

“हळद मी लावली,” मी म्हटलं. “ज्याची हळद त्याच्या अक्षता. आणि यंदाच नाही. पाटलांनी आपल्या हातानं, राजीखुशीनं, माझ्या दारात येऊन मान दिला. गावाचा नियम काय, गुरव?”

गुरव बिचारा साधा माणूस. “हातानं दिला तर गेला. जगतापांचं तसंच झालं.”

“मग पुढच्या वर्षीपासून हळद बर्ग्यांच्या घरातनं. पाटील, तुमचं काही म्हणणं?”

“यंदापुरता दिला हुता, आक्का,” आनंदराव म्हणाला. आवाज बेताचा होता.

“देवापाशी यंदापुरतं नसतं. जगतापांना विचारा.”

जगतापांचा म्हातारा पारावरच होता. “न्हाईच नसतं!” तो ओरडला. किती वर्षांचं साठलं होतं त्याचं. “मला सोडलं का गावानं? मग पाटलाला का सोडायचं?”

“बरोबर हाय!” माळी म्हणाले. त्यांची छत्री पक्की व्हायची होती.

गाव एका बाजूला व्हायला लागलं. आनंदरावाचा रंग उतरत चालला. मी आवाज चढवला. “माझा नातू लावील पुढच्या वर्षी. त्याच्यामागं त्याचा पोरगा. कणशांनी उगाच तसदी घेऊ नये. तुम्ही बघायला या. बायकांत जागा ठेवू.”

हे मी नको तेवढं बोलले असेन. पण तेच लागलं.

“सात पिढ्यांचा मान हाय आमचा!” आनंदराव ओरडला. “माझ्या आज्यानं पटकीच्या साथीत हळद लावली! मी न्हाई दिला कुणाला. मला सोडायला लागला!”

“का सोडायला लागला?”

“सुतकात सोडायलाच लागतोय!”

फौजदारानं तोंडाशी नेलेला पेला तसाच धरला.

गुरव खरोखरच कोड्यात पडला होता. “पण पाटील,” तो म्हणाला, “हळदीदिवशी तुमाला सुतक कुठलं? खाशाबा तर दुसऱ्या दिवशी घावला.”

मी एक पायरी खाली उतरले. “सांगा पाटील. त्या सकाळी तुम्हाला सुतक होतं का नव्हतं? नसेल तर मान माझा. असेल तर तुमचा. मला दोन्ही चालतं.”

तो माझ्याकडं बघत नव्हता. देवळाच्या दाराकडं बघत होता. आतल्या देवाच्या अंगावर अजून मी लावलेली हळद होती. एवढंच म्हणायचं होतं त्याला, की नव्हतं सुतक, आक्का, मान तुमचा. म्हटलं असतं तर संध्याकाळी घरी जाऊन जेवला असता आणि हैबती कोठडीत कुजला असता.

“हुतं,” आनंदराव म्हणाला.

मग खाली बसला आणि आपणच बोलत सुटला, कुणी विचारलं नसताना. खाशाबा म्हणाला होता, थोरल्या पातीचा मी, थोरल्या भावाचा वंश माझा, यंदा हळद मी लावणार, गावापुढं सांगतो. हळदीच्या आदल्या रात्री ओढ्याच्या वाटेवर दोघांची झोंबाझोंबी झाली. आनंदरावानं ढकललं, खाशाबाचं डोकं धोंड्यावर आपटलं. मग उठायला लागला तर आनंदरावानं तोच धोंडा उचलला. वर आंब्याखाली हैबती घोरत होता, त्याची पाण्याची बाटली उचलून आणून शेजारी ठेवली.

“पर देवाला मी शिवलो न्हाई,” तो गुरवाला म्हणाला. “त्या हातानं हळद न्हाई लावली. तेवढं बघा तुमी. मान माझ्या घराचाच हाय न्हवं?”

आणि गुरवानं, देव त्याचं भलं करो, विचार करून उत्तर दिलं, “व्हय. मग तुमचाच.”

फौजदार उठला. त्यानं पेला खुर्चीवर ठेवला.

लोक अजूनही मला हसत सांगतात, आक्का, काय येडा माणूस, चुलतभाऊ मारला आणि सुतक पाळलं. मी हसत नाही. ज्या मानासाठी त्यानं माणूस मारला, तो त्याच माणसाच्या सुतकानं हातचा गेला आणि परत मिळवायला त्यानं फास पत्करला. तुम्हाला ते येडेपण वाटतं. मला त्यात न कळण्यासारखं काही दिसलं नाही. मी त्याच्या जागी असते, तर मारलं नसतं. पण मारलं असतं तर हळद मीही लावली नसती.

टिपणीस दुसऱ्या दिवशी गेला. जाताना म्हणाला, “आक्का, तुम्ही पुण्याला आमच्या धंद्यात या.”

“आले असते,” मी म्हटलं, “पण दूधभातावर माझं भागायचं नाही.”

हैबतीला सोडायला कागदपत्रांत दोन दिवस गेले. तो आला तेव्हा मी पुरण घातलं होतं. अंगणात त्याच्या अंगावर पाणी ओतलं, मीठमोहऱ्या ओवाळल्या. गाव दारात जमलं होतं. हॉटेलात हसलेलेच सगळे पुढं होते. एक म्हणाला, “हवालदार, आमाला ठावंच हुतं तुमी असं करणार न्हाई.” हैबतीनं त्याच्याकडं एकदा बघितलं, तेवढ्यानं तो मागं सरला.

आत पाटावर बसला. मी ताट पुढं ठेवलं. वर तुपाची धार सोडली.

“खा. देवाच्या दयेनं सुटलास. आणि माझ्या.”

तो ताटाकडं बघत राहिला.

“वैनी, म्हंजी मी मारला न्हाई.”

“किती वेळा सांगू? नाही मारलास.”

“मला वाटायला लागलं हुतं, मीच मारला. कोठडीत रोज त्याचं तोंड आठवायचो. चांगला वळखीचा माणूस. नाव म्हाईत, घर म्हाईत, बायकू म्हाईत.” “बाकीच्यांचं काईच म्हाईत न्हवतं.”

लढाईबद्दल त्यानं एवढं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, “पोळी गार होतीय.”

त्यानं ताट हळूच बाजूला सारलं.

“गोड नको, वैनी. मीठ-भाकर द्या. खाशाबाचा दहावा हुईस्तवर सुतक धरतो म्हन्तो.”

“आपल्याला कसलं सुतक? ती कणशांची भावकी. आपली नाही. आणि तुला बटाटं सोलणारा म्हणाला होता तो.”

“म्हणू दे,” हैबती म्हणाला. “एवढ्या जणांचं धरायचं राहून गेलंय. एकाचं तर धरतो.”

मी ताट उचललं, आत गेले आणि भाकरी थापायला बसले.